उद्याचा निषेध

"पट्टी कोणत्या बाजूला लावू?" मी विचारलं.

"कसली पट्टी?" दिगूचं सगळं लक्ष स्क्रीनवरच्या स्वतःच्या फोटोत होतं.

"डोक्याची. खाली लिहिलंय गंभीर जखमी, आणि वर तुम्ही भांग पाडून हसताय. लोकांनी निषेध कशाचा करायचा, तुमच्या दातांचा?"

त्याला ते पटलं. त्यानं लगेच खिशातून फोन काढला आणि तात्यांच्या पीएला, अंकुशला लावला. "अंकुशभाऊ, ते पट्टीचं विचारायचं होतं. डावीकडं का उजवीकडं? हो, उद्याचंच म्हणतोय. बरं, विचारून सांगा." फोन ठेवून मला म्हणाला, "विचारून सांगतो म्हणतोय."

दिगू म्हणजे दिगंबर, माझा नवरा. तोंडावर मी अहो-जाहो करायचे आणि मनात दिगू म्हणायचे. मनातलं नाव जास्त वापरात होतं. ही दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. निंबाळी तालुक्यात तेव्हा फ्लेक्स छापायचं मशीन एकच, आणि ते माझ्या दुकानात. वाढदिवस, निवड, फेरनिवड, दहावीत पंचावन्न टक्के पडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, सगळं माझ्या हाताखालून जायचं. दुकान मी चालवायचे आणि दिगू हणमंतराव तात्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचा. हेच त्याचं काम. गाडी थांबली की आधी उतरायचं, तात्यांचं दार उघडायचं, आणि समोर कोणी नसलं तरी "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणायचं. सात वर्षं तो हे मन लावून करत होता.

तात्यांचं आणि विरोधी गटाच्या आबांचं तेव्हा जोरात वाजलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं निवडणुकीवरून. खरं भांडण पाण्याचं होतं, आणि तेही माणसांनी पिण्याच्या नव्हे. आमच्याकडे पाऊस नाही पण ऊन रगड, म्हणून माळावर सोलरची कंपनी आली. चार गावांच्या माळावर नुसत्या काचा मांडल्या. त्या काचांवर धूळ बसली की वीज कमी पडते, म्हणून दर पंधरा दिवसांनी त्या धुवाव्या लागतात. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं आणि माळावर काचांना टँकरनं अंघोळ. ते टँकर आबांचे होते. तात्या भाषणात म्हणायचे की भूमिपुत्रांवर अन्याय होतोय. भूमिपुत्र म्हणजे तात्यांचे अकरा टँकर, जे त्यांच्या वाड्यामागं रिकामे उभे होते.

तर त्या दिवशी तेरा तारीख होती आणि दिगूनं आणलेल्या मजकुरात चौदा तारीख होती. 'आमचे नेते मा. हणमंतराव तात्या यांच्यावर दि. १४ रोजी झालेल्या भ्याड हल्ल्याचा जाहीर निषेध. हल्ल्यात गंभीर जखमी झालेले निष्ठावंत कार्यकर्ते दिगंबर लोखंडे लवकर बरे होवोत हीच ईश्वरचरणी प्रार्थना. उद्या तालुका कडकडीत बंद.'

मी दोनदा वाचलं. मला वाटलं टायपिंगची चूक आहे.

"अहो, हे झालं कधी?"

"व्हायचंय," दिगू म्हणाला. "उद्या सकाळी. तात्या निवेदन घेऊन कंपनीच्या गेटवर चाललेत ना, ओढ्याच्या पुलावर गाडी अडवणार."

"कोण?"

"आबांची माणसं."

"आबांच्या माणसांनी तुम्हाला आधी कळवलं का?"

मग त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं. बाहेरगावाहून दोन माणसं येणार होती. ती दगड मारून काच फोडणार, पुढच्या सीटवरच्या माणसाला बाहेर ओढणार, डोक्यात एक ठेवून देणार आणि मोटरसायकलवरून पसार होणार. नाव आबांवर जाणार. तालुका बंद होणार, आबांचे दोन-चार टँकर पेटणार, कंपनी घाबरणार आणि पाण्याचं काम तात्यांना देणार. तात्यांना स्वतःला मार खाता येत नव्हता, कारण त्यांना शुगर होती आणि जखम भरत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"आणि फ्लेक्स आजच कशाला?"

"अंकुशचं प्लॅनिंग. मागच्या बंदला ऐनवेळी तुझं मशीन जाम झालं होतं. निषेध लागला तेव्हा दोघांचा समेट होऊन जेवणंसुद्धा झाली होती."

हे मात्र खरं होतं. त्या फ्लेक्सचे पैसे द्यायला तात्यांनी मला तीन महिने फिरवलं होतं.

"किती लागणार तुम्हाला?"

"चार टाके."

"मोजून मारतात का?"

"अंकुशनं सांगितलंय त्यांना. चारच्या वर नाही."

"ब्लाउज शिवायला टाकलाय का? चार म्हणजे चार?"

त्यानं खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाला, "एक टँकर आपल्या नावावर लागणार आहे, संजू." मी संजीवनी, लाडात आला की संजू. "आणि टँकरचं सोड. सात वर्षं झाली मला तात्यांबरोबर. तुझ्या मशीनमधून किती फ्लेक्स निघाले? मी कुठं असतो? खालच्या ओळीत, सतरावा, तिकिटाएवढा. मागच्या दिवाळीला तर माझ्या तोंडावर खिळा मारला होता. या फ्लेक्सवर मी तात्यांच्या बरोबरीनं आहे. तूच बघ ना."

मी बघितलं. खरंच तो मोठा दिसत होता. खालच्या ओळीत तिकिटाएवढं त्याला मीच बसवत आले होते, अंकुश यादी द्यायचा त्या क्रमानं. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी उठून त्याच्या कानाखाली दोन द्याव्यात असंही वाटलं.

तेवढ्यात अंकुशचा फोन आला, आणि त्याला माझ्याशीच बोलायचं होतं. "वहिनी, डिझाइनला कुठली बाजू बरी दिसेल?"

माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "डावी. उजव्या बाजूला तात्यांचा हात येतो, पट्टी झाकली जाईल."

"झालं मग. डावी सांगतो त्यांना."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते. नवऱ्याचं डोकं कुठं फोडायचं हे मी ठरवलं होतं, आणि तेही फोटो बरा दिसावा म्हणून. दिगू मात्र खूश होता. दाढी करून येतो, उद्या घालायच्या शर्टाला इस्त्री करून आणतो, असं सांगून तो बाहेर पडला. मार खायला इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी पट्टी बसवली. नेटवर शोधून एका क्रिकेटवाल्याच्या डोक्यावरची काढली आणि दिगूच्या कपाळावर लावली, वर थोडं लाल केलं. हात काम करत होते. डोकं म्हणत होतं, अगं बये, हे काय करतेस? पण ऑर्डर होती, आणि निवडणुकीच्या दिवसांत तात्यांची ऑर्डर सोडून दुकान कसं चालवायचं हे मला माहीत नव्हतं.

दुपारी दोन माणसं दुकानात आली. एक पन्नाशीचा, अंगानं भरलेला, ऊसतोडीचा मुकादम असावा तसा. दुसरा लुकडा, डोळे तांबारलेले. मुकादम म्हणाला, "अंकुशभाऊंनी पाठवलंय. एक फोटो बघून घ्या म्हणाले."

मी ओळखलं. मी त्याची बायको आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"हा होय," लुकडा म्हणाला आणि बोट दाखवायला हात पुढे केला. तो हात थरथरत होता. दुपारचे दोन वाजले होते आणि त्याच्या तोंडाचा वास माझ्या खुर्चीपर्यंत येत होता.

"मारणार कोण?" मी विचारलं. दुकानदारानं कापडाचा भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, कारण दुसरा आवाज काढला असता तर फुटला असता.

"हा मारतो. मी धरतो," मुकादम म्हणाला. "माझे गुडघे गेलेत आता."

"चार टाके म्हणे. एवढं नेमकं येतं का?"

मुकादम खुर्चीवर बसला. त्याला हा प्रश्न आवडला असावा. कामाबद्दल कोणी नीट विचारलं की कुठल्याही कारागिराला बरं वाटतं. "पाय असला ना ताई, तर मी लिहून देतो. घोट्याच्या खाली मारलं तर महिना, वर मारलं तर तीन महिने. डोक्याचं कोणी सांगू शकत नाही. डोकं प्रत्येकाचं वेगळं. मी अंकुशभाऊंना म्हटलं, पायावर घ्या. तर म्हणाले, पाय फ्लेक्सवर येत नाही, फोटो कमरेपर्यंतच असतो."

"मागं कधी जास्त झालं का?"

तो लुकड्याकडे बघायला लागला. लुकडा दाराकडे बघायला लागला.

"याचा हात एकदा जरा जड पडला," मुकादम म्हणाला. "मग वर्षभर गाव सोडून राहिलो. चहा मागवता का?"

मी त्यांना चहा पाजला. अजून आठवलं की माझंच मला कळत नाही, पण पाजला. ते गेल्यावर मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि तिथंच उभी राहिले. मी घाबरले होते. दिगूला सांगून उपयोग नव्हता, तो इस्त्रीचा शर्ट घेऊन येत होता. पोलिसांत जावं तर इन्स्पेक्टर साहेब एक दिवस तात्यांकडे जेवायचे आणि एक दिवस आबांकडे. आबांना सांगावं तर ते दिगूचं डोकं वाचवायच्या ऐवजी आपली माणसं पुलावर पाठवणार, आणि मग दोन-चार डोकी फुटणार.

मग मी बाहेर आले आणि मशीन चालू केलं.

वीस बाय दहाचा फ्लेक्स निघाला तेव्हा साडेतीन वाजले होते. मी किसन मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री फ्लेक्स उभे करायचं काम करायचे. वय साठीला आलेलं. फ्लेक्स कधी वाचत नसत, फक्त फूट विचारत.

"स्टँडसमोर लावा, मिस्त्री. उंचावर. आत्ताच्या आत्ता."

"कशाचा आहे?"

"निषेधाचा."

"मग मागं आडवे बांबू जास्त घालतो. निषेधावर दगड पडतात."

पाच वाजता स्टँडसमोर दिगंबर लोखंडे माणसापेक्षा मोठा उभा राहिला, डोक्याला पट्टी, चेहऱ्यावर हसू, आणि उद्याच्या हल्ल्यात गंभीर जखमी.

मी दुकान बंद करून तिथं गेले. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या तालुक्यात फ्लेक्स कोणी वाचत नाही, फोटो मोजतात. मग पेपरवाल्या जोशींनी चष्मा लावून वाचला आणि खालच्या हॉटेलात जाऊन विचारलं की आज तारीख कोणती. तिथून ते सुटलं. दहा मिनिटांत शंभर माणूस. प्रत्येक जण मोठ्यानं वाचत होता आणि शेवटी तारखेला सगळा घोळका एकदम बोलत होता. मोबाइलवर फोटो निघत होते. आबांची पोरं तर धावत जाऊन केळी आणि मोसंबी घेऊन आली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणाली, आणि फ्लेक्सच्या बांबूला पिशव्या अडकवल्या.

सगळ्यांत मोठ्यानं हसत होता तो रामेश्वर. तात्यांचे टँकर धुवायला होता तो, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, अंगानं दांडगा, नुकतं लग्न झालेलं. तात्यांचाच माणूस असून त्याला हसू आवरत नव्हतं. "दिगूदादांना अजून लागलंच नाही तर पट्टी कुणी बांधली?" असं तो विचारत होता आणि परत हसत होता.

आणि तेवढ्यात दिगू आला. ताजी दाढी, हातात इस्त्रीचा शर्ट. गर्दी बघून आधी त्याची छाती फुगली. त्याला वाटलं लोक आपला फोटो बघायला जमलेत. ते खरंही होतं. मग कोणीतरी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला आणि विचारलं, "दादा, दुखतंय का?"

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मी ते पहिल्यांदा बघत होते.

"तू लावलास?"

"चूक झाली," मी म्हणाले. "तारीख बघितली नाही."

"तू तारीख बघत नाहीस?"

मी त्याच्या हातातला इस्त्रीचा शर्ट घेतला.

"एवढा मोठा फोटो, संजू," तो म्हणाला. "आणि लोक हसले."

मला त्याची दया आली. पण खरं सांगते, मी त्याच्या कपाळाकडे बघत होते. डावीकडे, भांगाच्या खाली, तिथं काहीच नव्हतं. एक केससुद्धा वाकडा नव्हता. मला एवढं बरं वाटलं की मी भर चौकात देवाचं नाव घेतलं.

पुलावर दुसऱ्या दिवशी काहीच झालं नाही. ते बाहेरगावचे दोघं रातोरात परत गेले. तात्या सकाळी दहाला दुकानात आले, मागं अंकुश मान खाली घालून. तात्या खुर्चीवर बसले, पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्यायले.

"वहिनी, चूक कशी झाली?"

"सीझन आहे, तात्या. वाढदिवस आणि निषेध एकदम आले. कोणता कधी लावायचा यात गडबड झाली."

"असं होतं," तात्या म्हणाले. "माणूस आहे, चुकणारच. अंकुश, आपलं सगळं काम वहिनींकडंच द्यायचं. दुसरीकडं जायचं नाही." मग उरलेलं पाणी पिऊन म्हणाले, "वहिनी परत चुकायच्या नाहीत."

त्यांचा आवाज अगदी मऊ होता. मी मान डोलावली. माझ्या हातातली कात्री मी टेबलावर ठेवली ती आवाज करून ठेवली गेली, एवढीच माझी हिंमत.

दिगूची गाडीतली जागा गेली. ज्याला लोक इतके हसले तो माणूस पुढच्या सीटवर चालत नाही, लोक त्याला बघून तात्यांनाही हसतात. त्याच्या जागी तात्यांनी रामेश्वरला बसवलं. रामेश्वर पहिल्या दिवशी मुद्दाम माझ्या दुकानासमोर गाडी थांबवायला लावून उतरला आणि म्हणाला, "वहिनी, खालच्या ओळीत माझा पण फोटो घ्या आता." मी घेतला. सतरावी जागा रिकामीच होती.

दिगू घरी बसून महिनाभर माझ्याशी बोलला नाही. नंतर तो मशीनवर बसायला लागला, रोल बदलायला, शाई भरायला. कामाला वाईट नव्हता. संध्याकाळी दोघं मिळून शटर ओढायचो. मला माझा नवरा परत मिळाला होता आणि मी स्वतःवर खूश होते. बायका विचारायच्या तेव्हा मी "चूक झाली गं" म्हणायचे आणि हळूच हसायचे.

तीन महिन्यांनी अंकुश आला. एकटाच आला. दिगू जेवायला गेला होता, ती वेळ बघून आला असणार. त्यानं पेन ड्राइव्ह माझ्या पुढ्यात ठेवला.

"तोच निषेध आहे, वहिनी. फक्त तारीख टाकू नका. आणि जखमीचा गोल रिकामा ठेवा. नाव, फोटो, तारीख आपण ऐनवेळी स्टिकर करून चिकटवू."

म्हणजे तोही शिकला होता.

"कोणाचा फोटो?" मी विचारलं.

"कोणाचाच नाही. तयारी आपली."

"पुढच्या सीटवर रामेश्वर असतो ना?"

अंकुश माझ्याकडे बघून हसला, वाईट नाही, ओळखीचं हसला. "दिगूभाऊ बरे आहेत ना आता? कामाला लागले म्हणे. चांगलं झालं. माणूस घरात असलेला बरा."

मी डिझाइन उघडलं. दिगूचा फोटो काढला, पट्टी काढली. तिथं पांढरा गोल राहिला. तो गोल स्क्रीनवर बराच वेळ होता. मला सगळं माहीत होतं. त्या लुकड्याचा हात मला माहीत होता, डोक्याचं कोणी सांगू शकत नाही हे माहीत होतं, फोटो कमरेपर्यंतच येतो हे माहीत होतं. रामेश्वरचं घर माझ्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होतं. त्याची बायको कौसल्या रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढायला यायची, तेव्हा मी तिच्याशी नवऱ्यांच्या तक्रारी करायचे. तिला नुसतं म्हणायचं होतं, चार दिवस त्याला गाडीत बसू देऊ नकोस, पोट दुखतंय म्हणून सांग. एवढंच.

मी प्रिंट दिला. दिगू जेवून आला, त्यानंच तो गुंडाळला. पांढरा गोल बघून त्यानं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आम्ही चहा प्यायलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता अंकुशचा फोन आला. "स्टिकर करा. फोटो पाठवलाय. आणि 'लवकर बरे होवोत' काढून टाका. भावपूर्ण श्रद्धांजली करा."

रामेश्वर पुलावरच गेला होता. पुढचं सगळं अगदी तात्यांच्या मनासारखं झालं, म्हणजे जास्तच झालं. तालुका तीन दिवस बंद राहिला. आबांचे दोन-चार नाही, नऊ टँकर पेटले. एका टँकरमध्ये झोपलेला ड्रायव्हर पाठीला भाजला. आबांच्या पुतण्यावर केस झाली. कंपनीच्या साहेबानं कलेक्टर ऑफिसात बसून सांगितलं की आम्हाला तुमच्या भांडणात पडायचं नाही, शांतता ठेवेल त्याला पाणी देतो. तात्या शांतता ठेवायला तयार होते. आठवड्याभरात त्यांचे अकरा टँकर माळावर गेले आणि काचांची राहिलेली अंघोळ झाली. निवडणूकही ते जिंकले. अभिनंदनाचे फ्लेक्स सत्तर निघाले. मशीन दोन दिवस थंड झालं नाही. त्या सीझनमध्येच मी दुसरं मशीन घेतलं.

रामेश्वरच्या फोटोला आम्हाला पट्टी लावावी लागली नाही. श्रद्धांजलीला पट्टी लावत नाहीत.

वर्ष झालं तेव्हा कौसल्या दुकानात आली. कडेवर मुलगी होती, पाच-सहा महिन्यांची. बापाच्या माघारी झालेली. तात्यांनी तिला कंपनीत झाडायच्या कामाला लावलं होतं. ती माझ्यासमोर खुर्चीवर बसली आणि पिशवीतून नवऱ्याचा फोटो काढला, लग्नातला, फेट्यातला.

"वर्षश्राद्धाचा करायचाय, वहिनी. लहानच करा. दारापुरता."

"करते की. पैशांचं बघू नकोस," मी म्हणाले. फोटो स्कॅनरवर ठेवला. तिरका पडला, परत ठेवला.

तिनं मुलीला मांडीवर घेतलं. "वहिनी, एक विचारू? राग येऊ देऊ नका."

"विचार की."

"तो दिगूदादांचा फ्लेक्स तुम्ही आदल्या दिवशी लावला होता ना. तो चुकून लागला का मुद्दाम?"

दिगू आत मशीनपाशी होता. मशीनचा आवाज चालू होता, पण त्याचे हात थांबलेले मला दिसले.

"चुकून," मी म्हणाले.

"तेच म्हणते मी," कौसल्या म्हणाली. तिच्या तोंडावर मोकळेपणा आला. "आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात, तिला सगळं माहीत होतं, नवऱ्याला वाचवायला तिनं मुद्दाम केलं. मी त्यांच्याशी भांडते. म्हटलं, वहिनींना माहीत असतं तर आमच्या मालकांच्या वेळेला त्या गप्प बसल्या असत्या का? मला येऊन सांगितलं असतं त्यांनी."

मुलगी टेबलावरची कात्री ओढायला लागली होती. कौसल्यानं तिच्या हातातून ती सोडवली आणि माझ्याकडे दिली. मी ती घेतली, ड्रॉवरमध्ये टाकली, आणि स्क्रीनकडे तोंड करून तिला साइज विचारला.